शिकोत्सुच्या काठी

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या सत्रात केलेले भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'माझा जपान प्रवास'. सकाळी नाश्त्याला एकाने विचारलं, "बुलेट ट्रेनचं सांगणार ना?" नाही सांगणार. बुलेट ट्रेनचे व्हिडिओ तुमच्या सगळ्यांच्या फोनवर पडून आहेत. मी एकाच सरोवराबद्दल बोलणार आहे, आणि शेवटी तुमच्याकडे एक काम आहे, तेवढं करा.

आपले भूगोलाचे सर आज नाहीत. आठवीत त्यांनी ज्वालामुखीचा धडा शिकवला तो तुमच्यापैकी काहींना तरी आठवत असेल. ते म्हणाले होते, "ज्वालामुखीत डोंगर उडतो असं तुम्हाला वाटतं. पण कधीकधी तो उडत नाही, बसतो. तव्यावरची भाकरी टम्म फुगते आणि वाफ गेली की वरचा पापुद्रा खाली बसतो, तसा." पोटातला तप्त रस बाहेर पडून गेला की वरचं छप्पर आत कोसळतं, मोठा खळगा तयार होतो आणि हजारो वर्षांत त्यात पाणी साठतं. मग आपल्यातल्या एका शहाण्याने विचारलं होतं, "सर, म्हणजे लोणार?" सर म्हणाले, लोणार वेगळं, ते उल्केचं असावं, पण त्यावर वाद आहे. आता तो वाद मिटलाय, लोणार उल्केचंच. भाकरीसारखं बसलेलं सरोवर पाहायचं राहिलंच होतं.

माझी मुलगी जावयाच्या नोकरीमुळे सप्पोरोला असते. सप्पोरो म्हणजे जपानच्या उत्तरेकडचं मोठं बेट होक्काइदो, त्याची राजधानी. गेल्या वर्षी जूनअखेर मी तिच्याकडे गेले. इकडे पाऊस लागला होता आणि तिकडे मी स्वेटर घालून बसले होते. तिथून गाडीने तासाभरावर शिकोत्सु सरोवर आहे. वाटेत नुसतं जंगल. एक वळण घेतलं आणि झाडांमधून निळं काहीतरी दिसलं. मला वाटलं आकाश.

आकडे सांगते, कारण सर असते तर त्यांनी विचारलेच असते. सुमारे ४० हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटात हा खळगा झाला. सरोवराचा घेर ४० किलोमीटरच्या आसपास. सगळ्यात खोल जागी ३६० मीटर. पाच कुतुबमिनार एकावर एक उभे केले तर पाचव्याचा कळस जेमतेम पाण्याबाहेर येईल. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटर वर, म्हणजे तळ समुद्राच्याही शंभरेक मीटर खाली गेलेला. आपल्या कोयनेचा शिवसागर भरला की त्यात जेवढं पाणी असतं, तसे सुमारे सात शिवसागर यात मावतील. एवढ्या पाण्यात उन्हाळ्याची ऊब इतकी साठून राहते की होक्काइदोच्या थंडीतही हे सहसा गोठत नाही. त्याहून उत्तरेला न गोठणारं सरोवर जपानमध्ये नाही. सभोवार डोंगर. त्यातला तारुमाए अजून जागा आहे. त्याच्या डोक्यावर काळा टेंगूळ दिसतो, तो १९०९ च्या उद्रेकात वर आलेला लाव्हा. नावाडी लोक त्याच्याकडे बघत निवांत चहा पितात.

आता पाणी. तळ दिसेल असे काचेसारखे पारदर्शक कयाक तिथे मिळतात. कयाक म्हणजे आपल्या होडीची सडपातळ मावसबहीण. मुलगी पुढे, मी मागे, अंगात फुगीर जाकीट. खाडीत वाढलेली मी, मला वाटलं यात काय मोठंसं. काठाजवळ पायाखाली गोटे दिसत होते, एकेक मोजावा इतके स्पष्ट. आमची सावलीसुद्धा तळावर आमच्याबरोबर सरकत होती. थोडं पुढे गेलो आणि तळ एकदम संपला. उतार नाही, पायरी नाही, खडकाची भिंत खाली गेली आणि पुढे फक्त गर्द निळं. मी वल्हं आडवं धरून बसून राहिले. खाडीच्या पाण्यात खोली दिसत नाही म्हणून भीती वाटत नाही. इथे ती दिसते. मुलगी म्हणाली, "आई, वल्हव ना." मी म्हटलं, "तू वल्हव, मी बघते."

हे पाणी इतकं स्वच्छ का, ते तिथल्या माहितीकेंद्रात समजलं. सरोवरात येणाऱ्या नद्या थोड्या आणि लहान, त्यामुळे गाळ कमी. आणि पाण्यात पोषण कमी, म्हणून शेवाळ-प्लवक फारसं वाढत नाही. थोडक्यात पाणी उपाशी आहे म्हणून नितळ आहे. मासेही मूळचे फार नव्हते. १८९४ मध्ये अकान नावाच्या दुसऱ्या सरोवरातून 'हिमेमासु' जातीचा मासा आणून सोडला, तो आता इथली शान. स्थानिक लोक त्याला 'चिप' म्हणतात. वेफर्स नव्हेत, ऐनू भाषेत मासा म्हणजे 'चेप', त्यावरून. ऐनू म्हणजे होक्काइदोचे मूळ रहिवासी. मासा म्हटल्यावर मी काही मागे राहणार नव्हते. मीठ लावून भाजलेला खाल्ला. चव चांगली, पण मसाला हवा होता, हे आपल्यात.

तिथे एक लाल लोखंडी पूलही आहे. १८९९ साली दुसऱ्या नदीवर बांधलेला, नंतर उचलून इथे आणला, त्यावरून कागद कारखान्याची छोटी गाडी जायची. हंसाच्या आकाराच्या पायडलच्या होड्या आहेत, त्यात माझा जावई अडकला. त्याचं तो सांगेल.

पण नावाची गंमत सांगायलाच हवी. 'शिकोत्सु' हे मूळ ऐनू, 'सि कोत', म्हणजे मोठा खळगा. जपानी कानाला मात्र 'शिकोत्सु'त 'मेलेल्यांची हाडं' ऐकू येतं. अशुभ! म्हणून १८०५ मध्ये तिथल्या वस्तीचं नाव बदलून 'चितोसे', म्हणजे हजार वर्षं, असं ठेवलं. तिथे करकोचे फार होते आणि त्यांचं आयुष्य हजार वर्षांचं मानतात. सरोवरातून निघणारी नदीही आता चितोसे. सरोवराचं नाव तेवढं जुनं राहिलं.

संध्याकाळी गरम पाण्याच्या स्नानाला गेलो. उत्तर काठावर मारुकोमा नावाची १९१५ पासूनची एक सराई आहे, तिथल्या उघड्या कुंडातलं पाणी सरोवराच्या पातळीबरोबर वरखाली होतं म्हणे. आम्ही तिथे गेलो नाही, दुसऱ्या ठिकाणी गेलो. गरम कुंडं आपल्याला नवीन नाहीत. तुरळला, राजापूरला आपण लहानपणी डुंबलोय. फरक एवढाच की आपल्याकडे आज ज्वालामुखी नाही, पाणी भेगांतून खोल जाऊन तापून वर येतं. तिथे पायाखाली अजून चूल पेटलेली आहे. आणि दुसरा फरक म्हणजे तिथे अंगावर एक चिंधीसुद्धा ठेवायची नाही. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं, पण आत सगळ्या जणी तशाच. आधी स्टुलावर बसून स्वच्छ आंघोळ करायची, मग कुंडात उतरायचं, छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. बासष्टाव्या वर्षी पोटच्या मुलीसमोर तसं जायचं म्हणजे... बाई, तुम्ही हसताय, मीही हसले. पाच मिनिटांत लाज गेली असती.

पण दारातच पाटी होती. चित्रासकट. अंगावर टॅटू असेल तर प्रवेश नाही.

मी लहान असताना गोंदणारी जत्रेत आली होती. आजीने मला मांडीवर घट्ट धरलं आणि डाव्या हाताच्या आतल्या बाजूला तुळशीवृंदावन गोंदवून घेतलं. मी ओरडत होते आणि आजी म्हणत होती, "रडू नको, सोनंनाणं इथंच राहतं, मेल्यावर बरोबर येतं ते एवढंच." ते हिरवं वृंदावन अजून आहे. तुमच्यापैकी फार थोड्यांनी ते पाहिलं असेल. शाळेत मी बाही ओढून घ्यायची, कॉलेजात लांब बाह्यांचं घातलं, बँकेत सदतीस वर्षं कोपराखालपर्यंत बाही असलेले ब्लाउज शिवले. शिंपी विचारायचा, "उकडत नाही का?"

मुलगी घाबरली. तिला तिथल्या लोकांची सवय आहे, म्हणाली, "आई, परत जाऊ या." जपानमध्ये टॅटू म्हणजे गुंडांच्या टोळीची खूण, म्हणून हा नियम. सरकारी पर्यटन खात्याने २०१५ साली पाहणी केली तेव्हा निम्म्याहून जास्त ठिकाणं अशांना आत घेत नव्हती. याच भागात एनिवा गावी २०१३ मध्ये न्यूझीलंडहून आलेल्या एका माओरी बाईंना चेहऱ्यावरच्या पारंपरिक गोंदणामुळे स्नानगृहात नाकारलं होतं. आल्या होत्या कशाला? मूळनिवासींच्या भाषांवरच्या परिषदेला. खूप बोभाटा झाला.

मी गल्ल्यावरच्या बाईंना बाही वर करून दाखवलं. त्या माझ्याच वयाच्या. त्यांनी बघितलं, मान लववली, आणि खणातून कातडीच्या रंगाचं एक मोठं चिकट पॅड काढून दिलं. हे लावा आणि या. अगदी अदबीने. मी लावलं, आत गेले, स्टुलावर बसून आंघोळ केली, कुंडात उतरले. पाणी साबण लावल्यासारखं बुळबुळीत, अंगावरून हात निसटतो. समोर सरोवर काळोखात चाललेलं. सगळ्या उघड्या, आणि माझ्या हातावर तेवढं एक पॅड. आणि मला, खरं सांगते, तुमच्यातली एक जण आठवली.

दुसऱ्या दिवशी मुलीला म्हटलं, मला शिराओईला ने. तिथे २०२० साली उघडलेलं ऐनूंचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, उपोपोय. तिथे ऐनू बायकांचे जुने फोटो पाहिले. ओठांभोवती रुंद निळसर गोंदण. बर्चच्या सालीची काजळी भरून लहानपणापासून थोडं थोडं करत लग्नापर्यंत पुरं करायचं. ते नसेल तर मेल्यावर पूर्वजांत जागा मिळत नाही असं त्या मानायच्या. १८७१ मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. मी आजीचं वाक्य मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "पणजी इथली होती की काय?"

आता कामाचं. काल रात्री पडद्यावर आपण जानेवारी १९७७ च्या स्नेहसंमेलनाचा फोटो पाहिला. सगळे आपापले चेहरे शोधत होते. शेवटच्या रांगेत उजवीकडून दुसरी एक मुलगी आहे, तिने हनुवटीवर हात ठेवलाय. कोणीतरी म्हणालं, "दाढ दुखत असेल." दाढ दुखत नव्हती. तिच्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके होते आणि कपाळावर एक उभी रेघ. ती नदीपलीकडून चालत यायची. आपण तिला 'ठिपकेवाली' म्हणायचो. प्रार्थनेला ती रांगेत येऊन उभी राहिली की कोणीतरी पेनाने स्वतःच्या हनुवटीवर तीन ठिपके काढायचं आणि रांगभर हशा पिकायचा. एकदा ते ठिपके मी काढले होते. डाव्या हाताची बाही मनगटापर्यंत ओढून, उजव्या हाताने. सगळ्यात जास्त त्या दिवशी हसलं गेलं. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला माझ्या हाताबद्दल माहीत होतं, कारण नदीवर आम्ही एकदा बरोबर हातपाय धुतले होते. तिने कोणाला सांगितलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. नववीत ती आली नाही.

बाई, तुम्ही तेव्हा वर्गात विचारलं होतं, ती का येत नाही. आम्ही सांगितलं, लग्न ठरलं असेल. आम्हाला काही माहीत नव्हतं, आम्ही आपलं सांगितलं.

आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकशे चार नंबर आहेत, तिचा नाही. संयोजकांच्या यादीत तिच्या नावापुढे 'संपर्क नाही' असं लिहिलंय. नदीपलीकडच्या वाडीतले दोघे जण इथे बसलेत, मला माहीत आहे. तिच्या माहेरचं कोणी असेल, सासरचं गाव कोणाला ठाऊक असेल, तर चहाच्या वेळेला मला भेटा. मी उद्या दुपारच्या एसटीपर्यंत आहे. आणि आज मुद्दाम अर्ध्या बाहीचा ब्लाउज घालून आले आहे, म्हणजे गर्दीत ओळखायला सोपं जाईल.