मक्याच्या वाणांचे उत्पन्न कसे अजमावावे?

(वाण-चाचणीच्या शेतावरील मेळाव्यात केलेले भाषण)



दोन वाणांची कणसे तोलली आणि ज्याचे पारडे जड झाले ते वाण सरस, असे मानण्याकडे आपला कल असतो. त्या निष्कर्षावर विसंबून शेतकरी पुढील हंगामात बियाण्यासाठी पैसे मोजतो. म्हणून तो कसा काढावा, हे आज आपणांपुढे मांडीत आहे.

नजरेत भरणारे पीक पाहून तेवढेच कापले, तर अंदाज फुगतो. कापणीची जागा यदृच्छेने निवडण्याची पद्धत वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे या संख्याशास्त्रज्ञांनी १९४० च्या दशकात आपल्या देशात रुजविली. वाण-चाचणीतही तेच तत्त्व आहे. शेताचे सारख्या जमिनीचे विभाग पाडून प्रत्येक विभागात प्रत्येक वाणाला एक वाफा चिठ्ठ्या टाकून दिला जातो.

चार ओळींच्या वाफ्यात कडेच्या दोन ओळी हिशेबात धरीत नाहीत. कारण शेजारच्या वाणाच्या उंचीचा व सावलीचा परिणाम त्यांच्यावर होतो. मधल्या दोन ओळींचीच कणसे तोलतात. ओळी ५ मीटर लांब आणि ७५ सेंटिमीटर अंतरावर असतील, तर हे क्षेत्र ७.५ चौरस मीटर होते.

आता उदाहरण घेऊ. पहिल्या वाणाची कणसे ६ किलो भरली, दाण्यात ओलावा २५ टक्के. दुसऱ्याची ६.३ किलो, ओलावा ३२ टक्के. दोहोंतही कणसाच्या वजनात दाण्यांचा वाटा नमुना सोलून ८० टक्के आढळला. म्हणजे दाणे अनुक्रमे ४.८ व ५.०४ किलो. तुलनेसाठी हे वजन १५ टक्के ओलाव्यावर आणावयाचे. त्यासाठी १०० मधून प्रत्यक्ष ओलावा वजा करावा, बाकीने दाण्यांच्या वजनास गुणावे आणि ८५ ने भागावे. उत्तरे ४.२४ व ४.०३ किलो येतात; म्हणजे हेक्टरी सुमारे ५६.५ व ५३.८ क्विंटल. काट्यावर जड ठरलेले वाण येथे मागे पडले, कारण त्याच्या वजनात पाणी अधिक होते.

तथापि एका वाफ्यावरून निकाल देऊ नये. सर्व विभागांतील सरासरी पाहावी आणि वाफ्यावाफ्यांतील चढउतारापेक्षा वाणांमधील फरक मोठा आहे काय, हे तपासावे.

तेव्हा कोणी नव्या वाणाचे उत्पन्न सांगितले, तर तीन प्रश्न अवश्य विचारा : किती वाफ्यांची सरासरी? कडेच्या ओळी वगळल्या काय? ओलावा किती धरला? ही उत्तरे नोंदवहीतून दाखविणे हे चाचणी घेणाऱ्यांचे कर्तव्य आहे.