अंदाज आणि पैज

श्रोतेहो, पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत जा, नाहीतर आटपाडी तालुक्यात खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत जा, एक गृहस्थ तुम्हांला हटकून भेटतील. बैल माळावर उतरला की ते त्याच्याभोवती एक फेरी मारतात, खूर पाहतात, कान पाहतात, मान जरा तिरपी करून शेपटीकडे पाहतात आणि शेजाऱ्याला सांगतात, "आज हाच. लिहून ठेव." शेजारी अर्थातच लिहून ठेवीत नाही. बैल जिंकला, तर हे गृहस्थ वर्षभर ती गोष्ट सांगत फिरतात. हरला, तर ड्रायव्हर चुकलेला असतो, पलीकडची गाडी आडवी आलेली असते, किंवा तासात ओल असते. त्यांचा अंदाज मात्र चुकलेला नसतो.

मी याच जातीतला. कॉलेजात गणित शिकवतो, पण पौष-चैत्र आला की पाय यात्रेच्या माळाकडे वळतात. तेव्हा आज जे बोलणार आहे ते दुसऱ्यांची टिंगल म्हणून नव्हे.

ज्या गुरुजींनी शर्यत पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. आपल्याकडे पळतो तो बहुधा खिलार. त्याचं वय दातांवरून धरतात. दुधाचे दात न पाडलेला तो आदत, दोन दात आलेला तो दुस्सा, चार आले की चौसा. छकड्याला बैल दोन लागतात आणि ते एकाच मालकाचे असतात असं नाही. एका गावचा एक, दुसऱ्या गावचा एक, असा पैरा करतात. हा शब्द मूळचा शेतातला. ज्याच्याकडे एकच बैल तो शेजाऱ्याशी पैरा करून आपलं रान नांगरायचा. चिठ्ठ्या टाकून गाड्यांचे गट पाडतात. कोणती गाडी कोणत्या तासात, म्हणजे कोणत्या पट्टीत पळायची, तेही चिठ्ठीवरच ठरतं. गटात पहिला आलेला सेमीला जातो, सेमीतला पहिला फायनलला.

आता यात अंदाज बांधायला जागा किती आहे पाहा. बैल आधी कुठे पळाला, कुणाबरोबर पळाला, पैरा जुना की नवा, डावीकडे जुंपलाय की उजवीकडे, काल रात्री टेम्पोतून किती लांबून आलाय, ड्रायव्हर कोण. हे सगळं ज्याला ठाऊक आहे तो न पाहणाऱ्यापेक्षा बरा अंदाज करील, यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की किती बरा?

इथे मला नळराजाची गोष्ट आठवते. महाभारताच्या वनपर्वात आहे. राज्य गमावलेला नळ अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे बाहुक या नावानं सारथी म्हणून राहिला होता. दोघे रथातून विदर्भाकडे निघाले. वाटेत बेहड्याचं झाड लागलं. राजानं एक नजर टाकली आणि पानं किती, फळं किती, खाली पडलेली किती, सगळं सांगून टाकलं. फळं सांगितली २०९५. आता नळ हा घोड्यांचा जाणकार, त्याच्याइतका अश्वविद्या जाणणारा दुसरा नव्हता. पण त्यानं "वा महाराज" म्हटलं नाही. रथ थांबवला, म्हणाला, मी मोजून पाहतो. राजा उशीर होईल म्हणून कुरकुरला, तरी यानं झाड पाडलं आणि मोजलं. आकडा जमला, तेव्हाच मानलं. मग घोड्यांची विद्या राजाला दिली आणि त्याच्याकडून फाशांची घेतली. लहानपणी ही गोष्ट आपण दमयंतीसाठी ऐकतो. मला अलीकडे ती त्या मोजण्यासाठी आवडते.

मोजायचं आम्ही असंच एकदा ठरवलं. आम्ही म्हणजे मी आणि आमच्या शेजारचे अण्णा. अण्णांची सहा एकर जिरायत, शाळा चौथीपर्यंत, पण बैलातलं त्यांना जे कळतं त्याच्या चौथाईही मला कळत नाही. दोनशे पानी वही घेतली. नियम एकच: गाडी सुटायच्या आधी लिहायचं, नंतर खाडाखोड नाही. पहिल्या दोन यात्रांत आमची भांडणं झाली. सवय अशी, की निकाल लागल्यावर दोघेही म्हणणार, "मला वाटलंच होतं." वही काढली की गप्प.

हंगामाच्या शेवटी जे दिसलं ते असं. गटाचे अण्णांचे अंदाज चांगलेच निघाले, माझ्यापेक्षा सरस. एखादा बैल चारही पायांवर सारखा उभा नाही, पाण्याला तोंड लावीत नाही, हे त्यांना लांबून दिसायचं आणि माझ्या कागदात ते कुठेच नसायचं. पण फायनलचं भाकीत? तिथे आम्ही दोघेही वारंवार आपटलो. ज्या गाडीबद्दल अण्णा छातीवर हात मारून बोलले, तीसुद्धा बहुतेक वेळा गुलाल न घेताच परत गेली.

अण्णांना वाईट वाटलं. त्यांना मी हिशेब घालून दाखवला, तोच सांगतो. गुरुजींनी तो सातवीच्या वर्गात जरूर घ्यावा. समजा एक जोडी इतकी जबर आहे, की कोणत्याही फेरीत तीन वेळा पळाली तर दोन वेळा पहिली येते. अशा जोडीला आपण काय म्हणू? पंचक्रोशीतली एक नंबर. आता ती २७ यात्रांना गेली. गट पास झाली १८ यात्रांत. त्या अठरांपैकी सेमी पास १२ वेळा. त्या बारांपैकी फायनल मारली ८ वेळा. म्हणजे २७ पैकी ८. उरलेल्या १९ वेळा पंचक्रोशीतली एक नंबरची जोडी हरून घरी! आणि हा हिशेब मी उदारपणे केला आहे, कारण फायनलला समोर सगळे तयारीचेच असतात. तिथे तीनात दोन कोण देतो?

अण्णा बराच वेळ बोटं मोजीत बसले. मग म्हणाले, "म्हंजे मला बैल कळतो ते खरं, आन् मी चुकतो तेबी खरंच." यापेक्षा चांगलं मला वर्गात कधी सांगता आलेलं नाही.

आणखी एक गोष्ट वहीबाहेरची. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती बंद झाल्या. पुढे राज्यानं कायदा केला, १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयानं परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तो कायदा मान्य केला. मध्ये साडेसात वर्षं गेली. २०१४ साली पळणारे बैल तोवर म्हातारे झाले होते, काही गेलेही. पळण्याचे बैल नवे, ड्रायव्हरची पोरं नवी. पण माळावरचे आम्ही जाणकार जुनेच, आणि आवाजही तोच. मैदान बदललं की जुनी माहिती शिळी होते, हे आपल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांच्या बाबतीतही दिसलं. तांबड्या मातीत घडलेला हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये मॅटवर उतरला आणि सहावा आला. मातीवरून केलेला अंदाज तिथे उपयोगाचा नव्हता. आणि लंडनवरून ज्यांनी पुढचा अंदाज केला असेल, त्यांना १९५२ साली हेलसिंकीनं चुकवलं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. असो.

इथवर सगळी गंमत आहे. पण एक गोष्ट सांगायची राहिली, आणि खरं तर तिच्यासाठीच मी आज बोलायला बसलो.

दोन वर्षांमागे एका यात्रेत चहाच्या गाड्यावर चारचौघांत मी बोलून गेलो, "फायनलला हीच गाडी. दुसरी येत नाही." त्या गाडीपुढे माझ्याच वहीत मी लिहिलं होतं, "तीनात एक." लिहिलं एक आणि बोललो दुसरं. तीनात एक असं म्हटलं तर चहाच्या गाड्यावर कोण कान देतो? मागे माझा एक जुना विद्यार्थी उभा होता. मला ठाऊक नव्हतं. सेमीला त्या जोडीतला एक बैल तास सोडून बाहेर गेला आणि खेळ संपला. मी वहीत फुली मारली आणि घरी आलो.

आठ दिवसांनी त्या मुलाचे वडील दारात. आत या म्हटलं तर येईनात. उभ्याउभ्याच विचारलं, "सर, ठिबकचे पैसे पोरानं गाडीवर लावलं. तुम्ही सांगितलं म्हणतोय. खरं का?"

मी म्हटलं, "खरं आहे." वही दाखवून काही उपयोग नव्हता. त्या उन्हाळ्यात त्यांची नवी लागण पाटाच्या पाण्यावरच राहिली, आणि पाटाला पाणी किती येतं हे तुम्ही जाणताच.

कुणी म्हणेल, पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर पैसे लावलेले चालतात, मग बैलावरच का नाहीत? कायद्याचं उत्तर सरळ आहे. परवान्याच्या रेसकोर्सवरची घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असं १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं. बैलांच्या शर्यतीवरची पैज मात्र जुगारात मोडते. पण मला कायद्यापेक्षा हिशेब महत्त्वाचा वाटतो. तिथे चांगल्या घोड्यावर जास्त वजन चढवतात, हेतू हा की सगळ्यांना जिंकायची संधी जवळजवळ सारखी मिळावी. म्हणजे जाणकाराचं ज्ञान जिथे चाललं असतं तीच जागा मुद्दाम बुजवतात. मग एका पद्धतीत सगळ्यांचे पैसे एकत्र होतात, त्यांतून कर आणि क्लबचा वाटा वजा होतो, आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. शंभर रुपये आत गेले तर शंभर बाहेर येतच नाहीत. एखादा जिंकतो, सगळे मिळून मात्र हरतातच. हे झालं कागदोपत्री चालणाऱ्या खेळाचं. आपल्या माळावर तर कागदही नाही. पैसे धरणारा कोण, तो उद्या कुठे असेल, काही सांगता येत नाही.

आता तर मोबाइलवर शर्यत थेट दिसते, आणि 'पक्की टीप' देणारेही तिथेच भेटतात. त्यांची एक युक्ती सांगतो, फार साधी आहे. सहा गाड्यांची फेरी आहे. २१६ लोकांचे सहा भाग करायचे आणि प्रत्येक भागाला वेगळी गाडी कळवायची. ३६ जणांना खरी टीप मिळाली. बाकीच्यांना विसरायचं. त्या ३६ जणांचे पुन्हा सहा भाग, पुढच्या फेरीला सहा जणांना खरी. त्या सहा जणांना सहा वेगळ्या टिपा, उरला एक. त्या एकाला लागोपाठ तीन वेळा अचूक सांगितलेलं आहे. चौथ्या वेळी पैसे मागितले तर तो देणार नाही का? उरलेले २१५ त्याला दिसतच नाहीत. सांगणाऱ्याला बैलाचे दात मोजता येत नसले तरी चालतं.

मी यात्रेला जाणं सोडलेलं नाही. शर्यत पाहताना मनात एक गाडी धरली नाही तर पाहण्यात राम नाही, हे मला मान्य आहे. कलेक्टरांची परवानगी, गुरांच्या डॉक्टरांची तपासणी, हातात चाबूक नाही, अशी शर्यत असली तर अण्णा आणि मी सकाळी सातलाच माळावर असतो. वही आता तिसरी आहे. फरक एवढाच, की जे लिहितो तेच तोंडानं बोलतो.

परवाच्या यात्रेत तो मुलगा भेटला. ठिबक यंदा बसलं म्हणाला. थोडा वेळ घुटमळला, मग हळूच विचारलं, "सर, फायनलला कोण?" मी वहीच त्याच्या हातात दिली. सहा गाड्यांपुढे सहा अपूर्णांक. त्यानं दोनदा वाचलं.

"एक पण पक्की नाही?"

अण्णा तंबाखू मळीत होते. वर न बघताच म्हणाले, "निकाल लागू दे. मग छातीठोक सांगतो."