निळें दार आणि आंतला बोळ

संगणकाच्या पेटीवर यूएसबीचीं जीं चपटीं दारें, म्हणजे पोर्ट असतात, त्यांपैकीं कांहींच्या आंत निळी पट्टी दिसते. निळें तें जलद, एवढें आतां घरोघर ठाऊक आहे. परंतु हा वेग येतो कोठून, हें विकत घेणारा क्वचितच विचारतो.

यूएसबी ३.० चें प्रमाण नोव्हेंबर २००८ मध्यें जाहीर झालें. सेकंदाला ४८० मेगाबिटांवरून एकदम ५ गिगाबिट! पण मदरबोर्डावरील चिपसेट, म्हणजे प्रोसेसर व इतर अवयव यांच्यामधला कारभारी, त्यास ही विद्या अवगत नव्हती. तेव्हां उत्पादकांनीं एनईसीची निराळी चिप बोर्डावर आणून बसविली. आतां थोडें गणित करूं, तें शिक्षकाच्या हाडींमाशीं भिनलेलें असतें. दर दहा बिटांत दोन बिटें संकेतापायीं खर्च होतात, म्हणून ५ गिगाबिटांतून हातीं उरतात ५०० मेगाबाइट. परंतु २००९ च्या इंटेल पी ५५ चिपसेटाचा पीसीआय एक्स्प्रेस मार्ग एका पदरास २५० मेगाबाइटच वाहून नेई. दार रुंद, बोळ अरुंद! शिवाय त्या पाहुण्या चिपचा ड्रायव्हर वेगळा मिळवावा लागे, तें निराळेंच.

एएमडीनें २०११ सालीं ए ७५ चिपसेटांतच ही सोय अंगभूत केली. इंटेलनें २०१२ सालीं, आपल्या ७ मालिकेंत. पुढें १० गिगाबिटांच्या वेळीं पुनः तोच प्रकार झाला. २०१७ च्या झेड ३७० ला त्यासाठीं बाहेरची चिप लागे, आणि २०१८ चा, मानानें धाकटा, बी ३६० तें काम स्वतःच करी. तेव्हां जुना बोर्ड घेतांना दुकानदारास दाराचा रंग नव्हे, चिपसेटाचें नांव विचारावें. फिरत्या तबकडीच्या साध्या डिस्कला मात्र तो अरुंद बोळही पुरेसा आहे; तिच्यासाठीं अधिक पैसे मोजूं नयेत.