चोरवाड, एडन, पाताळगंगा

डोळे माझ्याकडे पण कान पडद्यामागच्या ढोलकीकडे लावून बसलेल्या माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

फिशपॉन्ड आणि नाच यांच्यामध्ये प्रमुख पाहुण्याला बोलायला लावतात, हा या संमेलनांचा जुना निर्दयपणा आहे. म्हणून उपदेश करत नाही, एका माणसाची हकिकत सांगतो. ठाणे-बेलापूर रस्त्याने घणसोली, कोपरखैरण्याकडून येता-जाता तुम्ही त्यांच्या उद्योगाच्या इमारती पाहता. ते धीरूभाई अंबानी.

त्यांची गोष्ट तुम्हाला मोबाइलवर दोन ओळींत येते. पेट्रोल पंपावर काम करणारा पोरगा देशातला सगळ्यात मोठा तेलशुद्धीकरण कारखाना उभारतो, बस्स. माझी तक्रार अशी आहे की या दोन ओळींच्या मधलं सगळं गाळलेलं असतं, आणि खरी गोष्ट तर तिथेच आहे.

धीरूभाईंचा जन्म २८ डिसेंबर १९३२ चा, सौराष्ट्रातल्या चोरवाडचा. वडील हिराचंदभाई शाळामास्तर. मास्तरांच्या घरी पुस्तकं असतात, पैसा नसतो. शिक्षण जुनागढला मॅट्रिकपर्यंत झालं. पुढे कॉलेजची ऐपत नव्हती. मोठा भाऊ रमणिकभाई आधीच एडनला होता, त्याच्या पाठोपाठ हेही बोटीत बसले. वय सोळा-सतरा. म्हणजे या सभागृहात मागच्या रांगेत दंगा करणाऱ्यांएवढं.

एडन म्हणजे कुठलं तरी परकं टोक, असं समजू नका. १९३७ पर्यंत त्याचा कारभार हिंदुस्थान सरकारकडे होता, आणि त्यातही बराच काळ मुंबई इलाख्याकडे. आपल्या पनवेलजवळच्या शिरढोणचे आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांना इंग्रजांनी तिथेच कैदेत ठेवलं, आणि १८८३ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. पुढे त्याच बंदरात गुजराती, कच्छी व्यापाऱ्यांच्या पेढ्या गजबजलेल्या होत्या. जगातली जहाजं तिथे इंधन भरायला थांबत.

धीरूभाईंना नोकरी मिळाली ती ए. बेस आणि कंपनीत. ही फ्रेंच माणसाने उभारलेली मोठी व्यापारी पेढी. शेल कंपनीच्या तेलाची वितरक. पेट्रोल पंपाची गोष्ट इथली. पण त्यांच्या चरित्रांत आणखी एक गोष्ट येते, ती मला जास्त मोलाची वाटते. नोकरीचे तास संपले की ते एका गुजराती पेढीवर बिनपगारी काम करत. जमाखर्च कसा मांडायचा, जहाजाची कागदपत्रं कशी करायची, बँक आणि विमा कंपनीशी कसं बोलायचं, हे शिकायला. आज याला आपण इंटर्नशिप म्हणतो आणि प्रमाणपत्रासाठी करतो! त्यांना प्रमाणपत्र कुणी देणार नव्हतं.

१९५४ मध्ये एडनला ब्रिटिशांची मोठी रिफायनरी सुरू झाली. ती पाहूनच धीरूभाईंनी स्वतःच्या रिफायनरीचं स्वप्न पाहिलं, असं सांगतात. माणूस मोठा झाल्यावर त्याच्या तरुणपणात अशी स्वप्नं पेरली जातात, म्हणून मला जरा शंका येते. पण एवढं खरं की तेल कुठून येतं, कुठे जातं आणि मधे पैसा कोण कमावतं, हे त्यांनी फार लवकर जवळून पाहिलं.

१९५८ मध्ये ते मुंबईला परतले. मस्जिद बंदरला नरसी नाथा स्ट्रीटवर साडेतीनशे चौरस फुटांची जागा, एक टेबल, तीन खुर्च्या, एक फोन. भांडवल १५ हजार रुपये. घर भुलेश्वरच्या चाळीत. आधी एडनकडे मसाले पाठवले, मग पायधुणीच्या बाजारात सुताच्या व्यापारात शिरले. १९६६ मध्ये अहमदाबादजवळ नरोड्याला गिरणी काढली. तिथल्या कापडाला नाव दिलं पुतण्याचं, विमल. १९७७ मध्ये कंपनीचे शेअर विकायला काढले तेव्हा हजारो मध्यमवर्गीय घरांनी आयुष्यात पहिल्यांदा शेअर घेतला.

सायन्सच्या मुलांनी आता इकडे लक्ष द्यावं. कापड विकणाऱ्याने सूत पाहिलं. पॉलिएस्टरचं सूत कशाचं, तर पीटीए आणि ग्लायकॉलचं. पीटीए पॅराझायलीनपासून, पॅराझायलीन नाफ्थ्यापासून, नाफ्था कच्च्या तेलापासून. मी रसायन उद्योगात उमेदीची वर्षं काढली, पण दुकानाच्या गल्ल्यापासून तेलविहिरीच्या दिशेने असा एकेक पायरी उलटा चालत गेलेला दुसरा उद्योगपती मला आपल्याकडे दिसत नाही. याच ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिल कंपनीचा नाफ्था क्रॅकर १९६८ मध्ये सुरू झाला होता. विद्या इथे होती, यंत्रं इथे होती. ‘याच्या आधी काय?’ हा प्रश्न धीरूभाई विचारत राहिले.

त्या वाटेवरचं मोठं ठाणं आपल्या शेजारीच आहे. रायगड जिल्ह्यात रसायनीजवळचा पाताळगंगा कारखाना, १९८२ चा. जुलै १९८९ मध्ये नदीला महापूर आला, यंत्रं चिखलात बुडाली. बाहेरच्या तज्ज्ञांचा अंदाज काही महिन्यांचा होता, पण महिन्याच्या आत कारखाना पुन्हा सुरू झाला. तेव्हा धीरूभाईंना पक्षाघात होऊन तीन वर्षं झाली होती. जामनगरची रिफायनरी १९९९ ला सुरू झाली. सुरुवातीची क्षमता वर्षाला २ कोटी ७० लाख टन. ६ जुलै २००२ रोजी ते गेले.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी भाट ठरेन. परवान्यांच्या त्या काळात कोटा आणि लायसन्स दिल्लीत ठरत, आणि नियम आपल्या सोयीने वळवून घेतले, हा आरोप धीरूभाईंवर सतत झाला. १९८६ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’ने त्यावर लेखमालाच चालवली. ती वाचल्याशिवाय धीरूभाईंबद्दल भाषण करू नये, आणि केवळ तीच वाचूनही करू नये. याच बाजूची आणखी एक गोष्ट या भागातल्या मुलांना वेगळी सांगायला नको. इथले कारखाने आणि हे शहर उभं राहिलं ते कुणाच्या तरी शेतावर आणि मिठागरावर. १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आगरी-कोळी शेतकरी रस्त्यावर उतरले, जासईच्या परिसरात माणसं गोळीबारात गेली, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचा हक्क मिळाला. उद्योगाच्या इतिहासात हे पान धरलंच पाहिजे.

प्राचार्य महोदय, जाता जाता तुमच्याकडे एक मागणं आहे. पुढच्या वर्षीची सहल वॉटर पार्कला न नेता एकदा रसायनी-पाताळगंगेच्या औद्योगिक पट्ट्यात न्या. परवानगी मिळवायला मी मदत करतो. आणि कॉमर्सच्या मुलांनो, कुठल्याही एका कंपनीचा वार्षिक अहवाल घ्या, ताळेबंदाचं पान उघडा आणि न कळलेल्या दहा गोष्टी सरांना विचारा.

आता बक्षिसं वाटू. पहिलं नाव पुकारा.