पाहुण्यांच्या हाती देण्याजोगे पत्र

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या सभेतील भाषण)



मुरुडला सुटीसाठी येणाऱ्या पर्यटकांच्या हाती वृत्तपत्राच्या धाटणीचे एक विनामूल्य पत्र द्यावे, असा विचार या सुवर्णमहोत्सवी वर्षात पुढे आला आहे. त्यावर बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

पाहुणा आपल्या गावाला नवा नाही. मुरुड ही जंजिरा संस्थानची राजधानी होती. १९४८ साली संस्थान विलीन झाले, परंतु येणाऱ्यांची वर्दळ थांबली नाही. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा सुरू झाल्यापासून मुंबईकराला स्वतःच्या वाहनाने येणे अधिकच सुलभ झाले आहे. तो शनिवारी येतो, राजपुरीहून होडीने जंजिरा पाहतो, संध्याकाळी किनाऱ्यावर रमतो आणि रविवारी परततो. त्याच्या खिशात मोबाइल असतो, मग छापील कागद कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील. उत्तर सोपे आहे. मोबाइल विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. परंतु काय विचारावे, हेच नवख्या माणसाला ठाऊक नसते. गावकऱ्याने न विचारता सांगावयाच्या गोष्टी ज्यात असतील, तेच आपले पत्र.

अशी पहिली गोष्ट कोणती? १ फेब्रुवारी २०१६ हा दिवस मुरुड विसरू शकत नाही. पुण्याहून सहलीला आलेले १४ महाविद्यालयीन विद्यार्थी त्या दिवशी आपल्या समुद्रात बुडून मृत्युमुखी पडले. पाहुण्यांसाठी काढलेल्या कोणत्याही पत्राचा विचार या घटनेचे स्मरण ठेवूनच झाला पाहिजे. म्हणून पहिल्या पानावर, सर्वांत ठळक अक्षरांत, भरती-ओहोटीचे वेळापत्रक असावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

आपल्या कोळी बांधवांना हे शास्त्र मुखोद्गत असते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला ती सहाच्या सुमारास, चतुर्दशीला साडेदहाच्या सुमारास, आणि दिवसातून दोनदा. दररोज ही वेळ सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. तेव्हा पाणी अधिक वर चढते आणि तितकेच दूर ओसरते, म्हणून ओढही मोठी. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, ती त्या मानाने सौम्य. अष्टमी-चतुर्दशी पाळणाऱ्या आपल्या घरांना तिथी सांगावी लागत नाही. शहरातून आलेल्या मुलाला मात्र ती कोणीतरी सांगावी लागते. अर्थात छापावयाचे वेळापत्रक ढोबळ हिशेबाने नव्हे, तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या अधिकृत भरती-तक्त्यांवरून घ्यावे. सौम्य भरतीच्या दिवशीही समुद्र निर्धोक नसतो, हेही तेथेच स्पष्ट लिहावे.

आता खर्चाचा विचार. विनामूल्य म्हणजे खर्चाविना नव्हे. वाचक पैसे देत नाही, तेव्हा ते जाहिरातदार देतो. १९९५ साली स्टॉकहोमच्या भुयारी रेल्वेत 'मेट्रो' नावाचे दैनिक फुकट वाटले जाऊ लागले आणि ती पद्धत अनेक देशांत पसरली. तिचा पाया जाहिरात हाच होता. जाहिरात घेण्यात गैर काही नाही. परंतु भरतीच्या वेळापत्रकाला कोणी जाहिरात देत नाही, आणि 'आज पाण्यात उतरू नका' हे वाक्य किनाऱ्यावरील कोणत्याही धंद्याला रुचत नाही. नेमके तेच वाक्य छापण्याचे धैर्य नसेल, तर पत्र काढूच नये. सत्य हे व्रत आपण मानतो. त्याची कसोटी येथे लागेल.

यासाठी काही नियम आधीच ठरवावेत. जाहिरातीवर 'जाहिरात' असा शब्द छापावा. पैसे घेऊन लिहिलेला मजकूर बातमी म्हणून देऊ नये. घरगुती खानावळ चालविणाऱ्या भगिनीला आणि मोठ्या हॉटेलला एकच दर असावा. पहिले पान कोणालाही विकू नये. आणि विश्वस्तांच्या स्वतःच्या दुकानांनाही हाच नियम लागू असावा.

भाषेविषयी आपल्यापुढे उत्तम आदर्श आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले, तेव्हा मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी छापला. आपणही मूळ मजकूर मराठीत ठेवून सुरक्षेच्या सूचना हिंदी व इंग्रजीतही द्याव्यात.

आतील पानांना विषयांची वाण नाही. जंजिऱ्याचा इतिहास द्यावा, पण दंतकथा ही दंतकथा म्हणूनच सांगावी. किनाऱ्यावरून दिसणारा पद्मदुर्ग शिवाजी महाराजांनी का उभारला, हे सांगावे. १९८६ साली अभयारण्य झालेल्या फणसाडात शेकरू पाहावयाचा तर शांतता का हवी, हेही सांगावे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने आपल्या नारळी-पोफळीच्या वाड्या कशा आडव्या केल्या आणि नवे झाड फळाला येण्यास किती वर्षे जातात, हे वाचलेला पाहुणा शहाळ्याच्या किमतीवरून घासाघीस करणार नाही, अशी आशा आहे.

व्यवहाराच्या दोन बाबी. नियतकालिक फुकट असले तरी नोंदणी चुकत नाही. १८६७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला २०२३ चा प्रेस आणि नियतकालिक नोंदणी अधिनियम १ मार्च २०२४ पासून लागू आहे. त्यानुसार ऑनलाइन अर्ज करून रीतसर नोंदणी घ्यावी. दुसरे असे की, वाळूवर उडणारा आपलाच अंक हा गावाचा कचरा ठरेल. म्हणून प्रती मोजक्याच छापाव्यात, साध्या कागदावर छापाव्यात. लॉज, खानावळी, एस.टी. स्थानक आणि राजपुरीची जेट्टी येथे ठेवाव्यात आणि तेथेच परत घेण्याची पेटीही ठेवावी. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात; त्या काळात अंकालाही विश्रांती द्यावी. मात्र पावसाळ्यातील समुद्राविषयीचा इशारा फलकावर राहू द्यावा.

बंधू-भगिनींनो, या पत्राचे यश जाहिरातींच्या रकमेवरून मोजू नये. एखाद्या कुटुंबातील वडिलांनी ते चहाच्या टेबलावर वाचावे आणि मुलांना म्हणावे, "आज ओहोटी आहे, पाण्यात जायचे नाही." एवढे घडले, तरी त्या अंकाचा खर्च वसूल झाला असे मी मानीन. अभयदानाला आपल्याकडे फार मोठे स्थान आहे. चार पानांच्या साध्या कागदातूनही ते घडू शकते.