मुंबईचा पाऊस आणि आपली पेरणी
(जिल्हा बैठकीतील भाषण)



मुंबईत मान्सून आल्याची बातमी लागली की इकडे आपण तिफण बाहेर काढतो. त्याच मुंबईत खारदांड्याचे कोळी बांधव पावसाळा तोंडावर आला की होड्या किनाऱ्यावर ओढतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावर पुन्हा लोटतात. मध्ये एक दिवस ऊन पडले म्हणून त्यांचा धीर सुटत नाही. सोयाबीन पेरणाऱ्याला हाच धीर हवा.

२०२५ साली मान्सून रोहिणीतच, २६ मे रोजी, मुंबईत पोचला. महिनाअखेर तो अडला तो जूनच्या मध्यापर्यंत. २०२३ साली उलटे झाले. मुंबईतच २५ जून उजाडला आणि पुढचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ठरला. मग तारीख कोणती धरायची?

कपाशीची धूळपेरणी आपल्याला ठाऊक आहे. सोयाबीनला ती चालत नाही. या दाण्याला उगवायला स्वतःच्या वजनाच्या निम्मे पाणी लागते. ओल वरवरची असली तर दाणा फुगतो आणि मातीतच कुजतो. म्हणून आपल्या शिवारात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नका.

दुसरी गोष्ट वाणाची. आम्ही शेतकीची पदवी घेतली तेव्हा शिकलो की सोयाबीन दिवसाच्या लांबीवर चालते. दिवस लहान होऊ लागले की ते फुलावर येते. उशिरा पेरले तर पुरते वाढण्याआधीच फुलते. पेरे कमी, शेंगा कमी.

जूनमध्ये वाफसा मिळाला आणि जमीन भारी असली, तर जेएस ३३५, एमएयूएस ७१ किंवा फुले संगम असे ९५ ते १०५ दिवसांचे वाण घ्या. ८५-९० दिवसांचा जेएस ९३-०५ जूनच्या मध्याला पेरला तर सप्टेंबरच्या मध्याला, ऐन पावसात, काढणीला येतो. तोच वाण जुलै उजाडल्यावर किंवा हलक्या रानात कामाचा. परतीचा पाऊस लवकर गेला तरी त्याचे दाणे भरतात. उशीर झाला तर दोन ओळींतले अंतर ४५ वरून ३० सेंटिमीटरवर आणा आणि बियाणे थोडे वाढवा. १५ जुलै उलटला तर सोयाबीनचा नाद सोडा. तूर, बाजरी, सूर्यफूल पाहा.

दुबार पेरणी म्हणजे एकरी ३० किलो बियाणे, खत आणि मजुरी पुन्हा उधारीवर. ही उधारी आपल्या घरातूनच फिटते, मायबहिणींना हे सांगायला नको.

तेव्हा यंदा प्रत्येक गावाने वही घालावी. कोणत्या तारखेला, किती पावसावर, कोणता वाण पेरला आणि एकरी किती उतारा आला, हे लिहून सुगीनंतरच्या बैठकीला आणा. आपल्या तालुक्याचे उत्तर त्या वहीत सापडेल.