ब्रूनो टाउट आणि श्रमिकांचीं घरें

बर्लिनच्या दक्षिण भागांत ब्रिट्झ येथें एका जुन्या तळ्याभोंवतीं घोड्याच्या नालाच्या आकाराची सुमारें ३५० मीटर लांबीची इमारत उभी आहे. बिऱ्हाडांचे सज्जे तळ्याकडे उघडतात. १९२५ सालीं काम सुरू झालेली ही वास्तु कोणा धनिकासाठीं नव्हे, तर कामगार व कारकून यांच्यासाठीं बांधली गेली. ब्रूनो टाउट हा तिचा कर्ता आणि मार्टिन वाग्नर त्याचा सहकारी.

टाउटचा जन्म ४ मे १८८० रोजीं कोनिग्सबर्ग येथें झाला. १९१४ सालीं कोलोनच्या प्रदर्शनांत त्यानें कांचेचें एक मंदिर उभारलें. वर रंगीत कांचांचा घुमट, आंत पायऱ्यापायऱ्यांनीं उतरणारें पाणी! तोंच महायुद्ध पेटलें आणि तें स्वप्न तेथेंच संपलें.

त्या काळीं बर्लिनचा श्रमिकवर्ग अंगणामागें अंगण असलेल्या अंधाऱ्या इमारतींत कोंबलेला असे. अंगण किती मोठें असावें? १८५३ च्या नियमानें, आगीचा बंब वळेल एवढें, म्हणजे सुमारें साडेसतरा फूट चौरस. बंबाची सोय पाहिली गेली. माणसाच्या फुप्फुसांची आठवण कोणास झाली नाहीं. पुढें १९२४ पासून जुन्या घरांच्या मालकांवर कर बसला, त्यांतून नव्या वस्त्यांना पैसा मिळाला, आणि टाउटच्या देखरेखीखालीं दहा हजारांहून अधिक बिऱ्हाडें उभीं राहिलीं. नक्षीकामास पैसा नव्हता. परंतु रंग स्वस्त होता. तांबड्या, निळ्या, पिवळ्या भिंती पाहून लोकांनीं एका वस्तीस ‘रंगपेटी’ आणि दुसरीस ‘पोपटांची वसाहत’ म्हटलें. टाउटच्या मतें रंग ही श्रीमंतांची चैन नव्हती. हवा आणि उजेड यांच्याइतकाच त्यावर श्रमिकाचा हक्क होता. मात्र हेंहि सांगितलें पाहिजे कीं, अगदीं हातावर पोट असणाऱ्यास तेथील भाडें परवडत नसे.

१९३३ च्या मार्चमध्यें, नाझी सत्तेपासून जीव वाचविण्यासाठीं, हजारोंना घर देणाऱ्या या गृहस्थास स्वतःचें घर सोडावें लागलें. मागाहून त्याची प्राध्यापकाची पदवीहि काढून घेण्यांत आली. मे महिन्यांत तो जपानला पोंचला आणि दुसऱ्याच दिवशीं, आपल्या वाढदिवशीं, त्यानें क्योतोचा कात्सुरा प्रासाद पाहिला. त्या साधेपणानें तो भारावून गेला. तेथें तीन वर्षांत त्याला इमारतीचें काम जवळजवळ मिळालेंच नाहीं. ग्रंथलेखन आणि दिवे-टोपल्यांचे नमुने आंखणें यांवर त्याचे दिवस गेले. १९३६ सालीं तुर्कस्थाननें त्याला इस्तंबूलला बोलाविलें. तेथें मात्र विद्यार्थी, शाळा, अंकारा येथील विद्यापीठाची इमारत, असें हातांस पुनः काम आलें. १९३८ च्या नोव्हेंबरांत अतातुर्क निवर्तले तेव्हां त्यांच्या अंत्यदर्शनासाठींचा मंच टाउटनेंच आंखला. दम्यानें जर्जर झालेला तो स्वतः २४ डिसेंबर रोजीं वारला. एदिर्नेकापीच्या मुस्लिम दफनभूमींत त्याला मूठमाती देण्यांत आली.

२००८ सालीं बर्लिनच्या सहा वसाहती जागतिक वारसा म्हणून नोंदल्या गेल्या. त्यांतील चार टाउटच्या हातच्या आहेत, आणि त्यांत आजहि लोक संसार करितात.